तुम्ही विचारलंत म्हणून: सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, ‘किती दिवस उरले’ ते कळतं का?

“बाबांच्या सीबीसीत न्यूट्रोफिल वाढलेत, लिंफोसाइट कमी झालेत. हे वाईट लक्षण आहे असं वाचलं. खरं का, डॉक्टर?” प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेल्या रुग्णांची मुलंमुली हे मला नेहमी विचारतात.

वाचलंत ते खोटं नाही. न्यूट्रोफिल आणि लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिंफोसाइटच्या आकड्याने भागायचं. 72 आणि 18 टक्के असतील तर उत्तर 4. हार्मोनचे उपचार लागू पडेनासे झाल्यावर डोसिटॅक्सेल ही केमो घेणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासांत, हे गुणोत्तर जास्त असलेल्या गटाचं आयुर्मान कमी दिसलं. पण ‘जास्त’ म्हणजे किती? कुणी 3 ची रेघ ओढली, कुणी 5 ची. शिवाय जे दिसलं ते गटाचं. त्यावरून तुमच्या बाबांची तारीख काढता येत नाही, आणि कुठलं औषध लागू पडेल हेही ठरत नाही.

म्हणून मी आधी गोळ्यांची चिठ्ठी मागते. अबिराटेरोन या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांसोबत, डोसिटॅक्सेलसोबतही, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिंफोसाइट घटतात. कॅथेटर असेल आणि लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल तरी तसंच. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर तो आकडा बाजूलाच ठेवावा. एवढं न विचारता एका भागाकारावरून घरची मंडळी उपचार थांबवायला निघतात, तेव्हा जीव तुटतो.

माझी नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. या आजाराचा पुढचा अंदाज बांधणाऱ्या जुन्या-नव्या कोष्टकांत ते आहेच, आणि त्यावर काही करताही येतं. टेस्टोस्टेरॉन हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी बनवायला लावतं; या कॅन्सरच्या हार्मोन उपचारात ते इंजेक्शनने दाबलं की हिमोग्लोबिन साधारण एखाद्या ग्रॅमने उतरतं. बहुतेकांचं पुढे तिथेच टिकतं. पण ते उतरतच राहिलं, सोबत प्लेटलेट घटल्या आणि स्मिअरमध्ये (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात) कच्च्या पेशी दिसल्या, तर आजार हाडांच्या मगजात शिरल्याची शंका घ्यावी लागते. त्याआधी लघवीतून रक्त जातंय का, लोह आणि बी-12 किती आहे, मूत्रपिंडं कशी आहेत, हेही बघायचं. यातलं बरंच दुरुस्त होण्यासारखं असतं. जिना चढताना लागणारी धाप एका रक्ताच्या पिशवीने कमी झालेली मी पाहिली आहे.

तेव्हा येताना मागचे तीन-चार रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणा, आणि ताप कधी आला होता तेही लिहून आणा.