एसी काढायला आलेली गाडी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या एसीचं आणि वायरिंगचं दुकान आहे. लोक गॅस भरायला येतात, कूलिंग होईना म्हणून येतात, उंदरानं वायर कुरतडली म्हणून येतात. पण चालू, थंडगार एसी मुळासकट काढून टाका म्हणणारं गिऱ्हाईक मागच्या पावसाळ्यात पहिल्यांदाच बघितलं.

गाडी दोन दारांची, दोनच सीटची, ताकद मागच्या चाकांना, गियर हातानं टाकायचे. जर्मन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. मालक शिरोळकडचा, उसाच्या घरातला, पंचविशीतला. हुपरीजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे, तिथं गो-कार्ट चालवून चालवून गाडी म्हणजे अशीच पाहिजे हे त्याच्या डोक्यात बसलेलं. कार्टला सस्पेन्शन नाही, काच नाही, दार नाही. स्टिअरिंग हललं की चाक हलतं, मधे कोणी नाही. ती मजा मलाही कळते. मीही जुनी जिप्सी पॉवर स्टिअरिंगशिवाय रेटलेली आहे.

त्यानं कागदावर यादी आणली होती. एसी, पॉवर स्टिअरिंग, एबीएस, पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, क्रूझ कंट्रोल.

"मामा, हे सगळं काढायचं. गाडी एकदम प्युअर करायची. स्पोर्ट्स कारमधी असली लाडकोडं कशाला?"

मी यादी वाचली आणि गाडीत डोकावलो. डॅशबोर्डच्या मधोमध चहाच्या ट्रेएवढी उभी स्क्रीन. कुठल्या तरी दुकानात मूळ पॅनेल काढून ती बसवून घेतलेली. एसीची बटणं, पंख्याची खुंटी, काचेवर हवा सोडायचं बटण, सगळं त्या स्क्रीनच्या पोटात गेलेलं. डिकी उघडली तर आत बूफरचा खोका आणि ॲम्प्लिफायर. यादीत यातलं काहीच नव्हतं.

"हे?"

"ते राहू दे की. गाणी तर पाहिजेत."

माझ्या हाताखालचा बारक्या पाठमोरा होऊन हसत होता. त्याला मी पान्हा आणायला पाठवलं.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिचं मी तिथंच नाही म्हणून सांगितलं. कंपनीनं दिलेली गाडी अशी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि २०१९ च्या एप्रिलपासून तर नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मी ते काढलं नसतं. पॉवर स्टिअरिंगचंही तसंच. जी गाडी मुळात त्याशिवाय आखलेली असते, तिचं वजन, टायरची रुंदी, स्टिअरिंगच्या फेऱ्या सगळं त्या हिशेबात असतं. १९९६ ची लोटस इलीज घ्या. सव्वासातशे किलोच्या आसपास गाडी, तिला पॉवर स्टिअरिंगची गरजच नाही. याची गाडी तिच्या जवळपास दुप्पट. तिचं पॉवर स्टिअरिंग बंद केलं तर ती इलीज होत नाही, पॉवर स्टिअरिंग बिघडलेली गाडी होते. पार्किंगमध्ये खांदे भरून येतील ते वेगळंच.

"बरं, मग एसी तरी काढा. ताकद खातो. वजन किती असतंय त्याचं!"

इथं पोराचं अगदीच चुकत नव्हतं. मारुती ८०० च्या काळात आंबा घाट चढताना एसी बंद करायचा, हे मागं बसलेल्या पोरांनाही माहीत होतं. त्या इंजिनाला कॉम्प्रेसर ओढायचा म्हणजे घाम फुटायचा. पण याच्या बॉनेटखाली अडीचशेच्या वर घोडे. त्यातले दोन-चार एसीनं नेले तर कळणारही नाहीत. शिवाय आताच्या इंजिनाचा कॉम्प्युटर पाय पूर्ण दाबला की कॉम्प्रेसरचा भार स्वतःच कमी करतो. आणि वजन म्हणाल तर कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप, आतला इव्हॅपोरेटर सगळं धरून वीस किलोच्या आसपास. मी बारक्याला सांगून डिकीतला खोका आणि ॲम्प्लिफायर शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला लावला. तीसच्या वर भरला. पोरगं काट्याकडं बघत राहिलं, मग म्हणालं, "काटा बरोबर हाय न्हवं?"

मग मी त्याला फेरारी एफ४० सांगितली. १९८७ ची गाडी. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, आतून दार उघडायला हँडलच्या जागी दोरी, पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. त्या काळी जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांपैकी एक. आणि तिच्यात एसी होता. पाठीमागं दोन टर्बोचं इंजिन तापतंय आणि ड्रायव्हर आत उकडून निघतोय, असल्या अवस्थेत माणूस दोनशेनं गाडी नीट चालवू शकत नाही, एवढं त्यांना कळत होतं. १९९२ ची मॅकलॅरेन एफ१ पण तशीच. ती आखणारा गॉर्डन मरे ग्रॅमग्रॅमचा हिशेब करणारा माणूस. त्यानं ब्रेकला बूस्टरसुद्धा दिला नाही, पण एसी ठेवला, आणि केनवूडकडून खास हलका सीडी प्लेअर करून घेतला.

"मग एनएसएक्स-आर?" पोरगं अभ्यास करून आलेलं. होंडानं १९९२ मध्ये एनएसएक्सची ही आवृत्ती काढली तेव्हा एसी, आवाज अडवणारे थर वगैरे काढून एकशेवीस किलोच्या आसपास उतरवले, हे खरं आहे. पण होंडानं ती ट्रॅक डोळ्यांपुढं ठेवून काढली होती, आणि सस्पेन्शनही त्यासाठी नव्यानं बसवलं होतं. हा माणूस शिरोळहून कोल्हापूरला पावसात येणार.

बोलून मिटणार नाही हे दिसलं. मी म्हटलं, "दादा, काढायला दिवस जाईल आणि परत बसवायला तीन. आज फक्त कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हचं सॉकेट काढून ठेवतो. पंखा चालेल, कूलिंग होणार नाही. एसी काढल्यावर गाडी कशी असेल ते आत्ताच बघा." कबूल झाला. मीही शेजारी बसलो आणि कोरडं फडकं मुद्दाम बरोबर घेतलं. बाहेर पाऊस लागून होता, आम्ही दोघंही भिजून गाडीत शिरलो होतो, काय होणार याचा अंदाज मला होता.

शिवाजी पूल ओलांडला, वडणगे फाटा गेला. केर्लीपर्यंत काचेच्या कडा धुरकट व्हायला लागल्या. मी तिथंच परत फिरू म्हणत होतो. त्यानं फडकं फिरवलं आणि गाडी पुढंच काढली. हवा आतल्या आत फिरायच्या सेटिंगला होती, त्यामुळं आम्हा दोघांचा श्वास आणि ओल्या कपड्यांची वाफ बाहेर जायला वाटच नव्हती. वाघबीळला पन्हाळ्याकडं वळलो तसं बाहेरूनही धुकं उतरलं. आता काचेच्या दोन्ही बाजूंना पांढरं. फडक्यानं पुसलं की वळ उठायचे आणि चार श्वासांत परत तेच. त्यानं खिडकी खाली केली, तर पाऊस सरळ मांडीवर.

मग त्यानं हात स्क्रीनकडं नेला. काचेवर हवा सोडायची होती, एवढंच. स्क्रीनवर नकाशा उघडा होता. एसीचं पान शोधायला एकदा सरकवायचं, मग चित्रावर बोट ठेवायचं. बोट ओलं. ओल्या बोटाला असली स्क्रीन धड दाद देत नाही, भलतीकडंच काहीतरी उघडतं. फोन लावायचं पान उघडलं. तो मान खाली घालून परत दाबायला लागला आणि समोरून एसटीचे दिवे दिसले, वळणावर, आमच्याच बाजूला सरकलेले वाटावेत इतके जवळ.

"ब्रेक मार रे!" दादा, तुम्ही, सगळं विसरलो.

त्यानं मारला. ओल्या डांबरावर, वळणात, पूर्ण जोरानं. पायाखाली पेडल धडधडल्याचा आवाज मला शेजारी ऐकू आला. स्टिअरिंग डावीकडं वळलं आणि गाडीही तिकडं वळली, घसरली नाही. एबीएस नसतं तर पुढची चाकं लॉक होऊन गाडी सरळच गेली असती, स्टिअरिंग कितीही फिरवा. एसटीवाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि आमच्या उजवीकडून खाली निघून गेला. आम्ही कठड्याला लागून थांबलो. पोरगं बराच वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलं होतं. मी उतरलो, पावसात बॉनेट उघडलं, सॉकेट परत बसवलं. कोरड्या फडक्यानं बोट पुसून दिलं आणि म्हटलं, आता काचेवर सोड. मिनिटभरात काच आरपार.

तो काचेकडं बघून म्हणाला, "पण हे तर गार करायचं मशीन."

गारच करतं, पण गार करता करता हवा कोरडीही करतं. आतल्या इव्हॅपोरेटरच्या गार पात्यांवरून हवा गेली की तिच्यातलं पाणी तिथंच सुटतं आणि नळीतून खाली टपकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली पाणी सांडलेलं दिसतं आणि लोक रेडिएटर फुटला म्हणून माझ्याकडं धावत येतात, ते हेच पाणी. ती कोरडी हवा हीटरवरून गरम करून काचेवर सोडली की वाफ राहतच नाही. नुसत्या हीटरनंही काच निवळते, पण पावसाळ्यात वेळ लागतो आणि आत बसलेली माणसं शिजतात. म्हणून बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर आपणहून चालू होतो, थंडीतसुद्धा. युरोपातल्या लोकांना एसी कशासाठी लागतो असं वाटणाऱ्यांनी जुलैत गगनबावड्याला एक फेरी मारून यावी.

खाली येताना गाडी हळू होती आणि बोलणं स्क्रीनवर आलं. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकानं २०२२ मध्ये चाचणी घेतली होती. ताशी ११० किलोमीटरनं चालवताना चार साधी कामं करायची. २००५ च्या बटणांच्या व्हॉल्व्होत ती दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. स्क्रीनवाल्या एका नव्या गाडीत पाऊण मिनिट लागलं, म्हणजे किलोमीटरच्या पुष्कळ वर. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनं तर २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि मदतीचं एसओएस बटण हाताला लागेल असं द्या म्हणून ठरवलंय. काचेवर हवा सोडायचं बटण त्या यादीत का नाही, हे मला अजून पटलेलं नाही. वाघबीळला समितीतल्या कोणाला घेऊन यायला पाहिजे.

एका बाबतीत मात्र मी त्याच्याच बाजूचा. गियर. २०१३ ला पोर्शनं ९११ जीटी३ फक्त पीडीके नावाच्या ऑटोमॅटिक गियरबॉक्सवर काढली. घड्याळात ती वेगवानच होती. तरी लोकांनी हातानं टाकायचा गियर मागितला आणि २०१७ ला कंपनीनं तो परत दिला. गाडी चालवायची मजा ज्या कामात आहे ते काम गाडीनं स्वतःकडं घेतलं तर मी गाडीत बसू कशाला? पण काच पुसणं हे त्या कामात येत नाही. त्यात कसली मजा?

दुकानात आल्यावर त्यानं यादी खिशातून काढली, वाचली, आणि पेन मागितलं. एसी खोडला. एबीएस खोडलं. क्रूझ कंट्रोलचं काय करू म्हणाला. म्हटलं, राहू दे, ते चार वायरी आणि एक बटण आहे, काढून ग्रॅममध्ये फरक पडणार. खाली त्यानं स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या: स्क्रीन, बूफर.

स्क्रीन काढणं सोपं होतं, मूळ पॅनेल मिळवणं अवघड. ज्या दुकानात बदललं त्यांनी जुनं कधीच भंगारात घातलेलं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ओळखीचा माणूस आहे, त्यानं त्याच मॉडेलच्या ठोकलेल्या गाडीतलं पाठवलं. पंख्याच्या खुंटीला थोडा चरा आहे. कोडिंग करून बसवलं. बूफर बारक्यानं मागून घेतला आणि आता त्याच्या गल्लीतल्या तालमीच्या गणपतीपुढं वाजतो.

गणपतीत मालक पुन्हा आला. गाडी खूश आहे म्हणाला, म्हणजे तो खूश आहे. आता पॉवर विंडोच्या मोटरी काढून हातानं फिरवायच्या काचा पाहिजेत. म्हटलं, या दाराला तसली यंत्रणा जगात कोणी केलेली नाही. तर म्हणतोय, उद्यमनगरात लेथवर काय होत नाही? शेजारच्या लेथवाल्यानं ते ऐकलं आणि उत्साहानं दाराचं माप घेऊन ठेवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.