नौपाड्यातील लॉन्ड्रीची चिमणी आणि सोसायटीचा ठराव

ठाण्यातील नौपाड्यातल्या आमच्या लॉन्ड्रीत गॅसवर चालणारा मोठा वॉटर हीटर बसून बरेच महिने झाले आणि तो उत्तम चालतो आहे. तरीही त्याच्या चिमणीचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप चढतो. हीटर निवडणे, पाइपगॅसची जोडणी घेणे, पाण्याच्या लाइन फिरवणे ही कामे रीतसर होत गेली. सगळे अडले ते एकाच ठिकाणी. जळलेला वायू इमारतीबाहेर कोणत्या वाटेने न्यायचा, याची परवानगी सोसायटीच्या व्यवस्थापक समितीकडून मिळेना.

आमचा गाळा तळमजल्यावर आहे आणि वर तीन मजल्यांची वस्ती आहे. हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे कपडे धुवायचे तर गरम पाणी दिवसभर लागते, म्हणून साधारण ३० किलोवॅटचा हीटर घेतला. एवढा हीटर पूर्ण क्षमतेने चालला की तासाला सुमारे ३ घनमीटर गॅस जाळतो, आणि १ घनमीटर गॅस नीट जळायला जवळजवळ १० घनमीटर हवा लागते. म्हणजे खोलीत हवा येण्याची सोय आणि जळलेला वायू जाण्याची सोय या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात. हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, जो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गळणारा गॅस नाकाला कळावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नाही आणि वासही नाही. त्यामुळे गॅसगळती ओळखणारा साधा अलार्म येथे उपयोगाचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. आमच्याकडे तो इस्त्रीच्या टेबलांजवळ, उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर लावला आहे, कारण सर्वात जास्त वेळ माणसे तेथेच उभी असतात.

वाटा तीन होत्या. पुढच्या बाजूने शटरवरून पाइप काढला असता तर तो पदपथावरील लोकांच्या तोंडावर आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली आला असता, म्हणून ती वाट लगेच बाद झाली. दुसरी वाट इमारतीच्या आतील डक्टची, जिच्यात सगळ्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या आणि संडासांच्या खिडक्या उघडतात. तिसरी वाट मागच्या भिंतीला कोअर कटिंग करून, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडून, बाहेरून सरळ गच्चीच्या वरपर्यंत नेण्याची. हीटरसोबत आलेली पुस्तिका ज्याने वाचली आहे तो तिसरीच वाट निवडेल. समितीला मात्र दुसरी पसंत पडली.

“वहिनी, डक्टमधूनच घ्या ना पाइप, कुणाला दिसत पण नाही,” असे सेक्रेटरींनी माझा अर्ज उघडण्यापूर्वीच सांगितले. मागच्या भिंतीवरून पाइप गेला तर इमारतीचा लूक जाईल, असे चेअरमनसाहेबांचे म्हणणे पडले. ज्या भिंतीच्या रूपाची त्यांना एवढी काळजी होती, तिच्यावर एसीची आउटडोअर युनिटे, ड्रेनेजचे जुने बिडाचे पाइप, केबलची वेटोळी आणि कपडे वाळत घालण्यासाठी बाहेर काढलेल्या ग्रिल आधीपासूनच होत्या. त्या गर्दीत एका स्टीलच्या नळीची भर पडली असती, एवढेच. परंतु ही परवानगी मागण्याची जागा होती, वाद घालण्याची नव्हे, म्हणून मी गप्प बसले आणि मासिक सभेची वाट पाहू लागले.

त्या सभेत विषय पुढे ढकलला गेला. त्यानंतरच्या सभेला कोरम भरला नाही. मग आर्किटेक्टचा नकाशा आणायला सांगितले, तो दिला. मग क्लॅम्पच्या भोकांतून पावसाळ्यात पाणी मुरणार नाही, याची हमी मागितली, तीही लेखी दिली. मग रंगकामाच्या ठेकेदाराची गॅरंटी मोडेल की काय, अशी शंका निघाली. ती मिटली तेव्हा खजिनदारांना आठवले की गच्ची ही सगळ्यांच्या सामाईक मालकीची आहे, तेव्हा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेतच व्हायला हवा, आणि ती सभा नियमाप्रमाणे सप्टेंबरअखेरपर्यंत केव्हाही होऊ शकते. एकदम सांगितली असती तर आठवड्याभरात देऊन टाकली असती अशी कागदपत्रे माझ्याकडून एकेक करून, प्रत्येक वेळी नव्याने सुचल्यासारखी मागितली गेली. नकार कोणीच दिला नाही, आणि खरा त्रास त्याचाच होता, कारण नकार लेखी मिळाला असता तर पुढे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता आली असती.

याच काळात चिमणीचा पाइप बसवणारा आमचा डक्टिंगवालाही समितीच्या बाजूला झुकला. डक्टचे काम त्याला अर्ध्या दिवसाचे होते. “डक्ट वर उघडाच आहे, धूर आपोआप जाईल,” असे तो म्हणे. हे म्हणणे तोंडी खोडून काढण्यापेक्षा मी सेक्रेटरींना सकाळी, सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळी, डक्टच्या तळाशी बोलावले. पत्र्याच्या डब्यात धूप पेटवून ठेवला. धूर सरळ वर गेला नाही. पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी तो थबकला आणि तेथील एक्झॉस्ट बंद असल्यामुळे उघड्या झडपांतून बराचसा आत ओढला गेला, कारण घरात दुसरीकडे स्वयंपाकघरातील पंखा चालू होता. थोड्याच वेळात वरून आजींचा आवाज आला, “कोण गं एवढ्या सकाळी धूप जाळतंय?” मी सेक्रेटरींना एवढेच म्हटले की धुपाला वास आहे म्हणून आजींनी विचारले.

तो माणूस त्या दिवसानंतर बदलला, हे मान्य करायला हवे. उपविधींप्रमाणे एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा महिन्याभरात बोलवावी लागते, हे मला त्यांनीच सांगितले. मग सह्या गोळा करणे फार अवघड गेले नाही. पहिली सही आजींची. सभेत ठराव झाला, अटी घातल्या गेल्या: पाइपला भिंतीचा रंग द्यायचा, गच्चीवरील वॉटरप्रूफिंगला हात लावायचा नाही, आणि परत मिळण्याच्या बोलीवर अनामत रक्कम भरायची. सोसायटीत असे काम काढणाऱ्याने पहिल्या अर्जापासून प्रत्येक कागदाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. माझ्याकडे ती होती म्हणूनच “तुमचा अर्ज नीट आलाच नव्हता” हे वाक्य सभेत अर्धवट राहिले.

प्रत्यक्ष काम त्यामानाने लवकर उरकले, तरी त्यात डोळ्यांत तेल घालून पाहण्याच्या काही गोष्टी आहेत. हीटरच्या माथ्यावरील कॉलर सहा इंची होती आणि डक्टिंगवाल्याकडे चार इंची पाइप शिल्लक होता, म्हणून तो रिड्यूसर, म्हणजे मोठ्या तोंडाला लहान पाइप जोडणारा तुकडा, घेऊन आला. तो मी परत पाठवला. पाइप कॉलरपेक्षा अरुंद असता कामा नये. वायू कोंडतो आणि खोलीत उलटतो. आडवा भाग शक्य तितका आखूड ठेवावा आणि त्याला प्रत्येक मीटरमागे किमान दोन सेंटिमीटर चढ द्यावा. बाहेरचा उभा पाइप एकपदरी पत्र्याचा घेऊ नये. तो लवकर थंड होतो, आतील वायूची वर चढण्याची ओढ मंदावते आणि वाफेचे पाणी होते. १ घनमीटर गॅस जळताना साधारण दीड लिटर पाण्याएवढी वाफ निघते, आणि तिचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्यामुळे साधा जस्ताचा पत्रा आतून खाल्ला जातो. आम्ही मध्ये इन्सुलेशन असलेला दुपदरी स्टेनलेस स्टीलचा पाइप घेतला आणि उभ्या भागाच्या तळाशी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिला पाणी काढण्याचा नळ दिला. गच्चीवर पाइप कठड्याच्या आणि जिन्याच्या खोलीच्या वर काढला आहे, नाहीतर पावसाळी वारा भिंतीवर आदळून वायू खाली दाबतो. टोपीला जाळी हवी, कारण ठाण्यातील कबुतरे अशी जागा सोडत नाहीत. पण जाळी फार बारीक असली तर तीच तुंबते.

शेवटची चाचणी मी स्वतः केली. लॉन्ड्रीत ड्रायर असतात आणि ते खोलीतील हवा प्रचंड प्रमाणात बाहेर फेकतात. तेवढी हवा आत आली नाही तर खोली ती चिमणीतूनच ओढून घेते आणि सगळा प्रवाह उलटा होतो. म्हणून शटर ओढले, सगळे ड्रायर आणि एक्झॉस्ट पंखे पूर्ण वेगाने चालू केले, हीटर पेटवला आणि पाइप तापल्यावर ड्राफ्ट हूडच्या, म्हणजे हीटरच्या माथ्यावर पाइपच्या तोंडाशी असलेल्या उघड्या टोपीच्या, कडेशी उदबत्ती धरली. धूर आत जाण्याऐवजी माझ्या मनगटाकडे वळला. मागच्या दारात खाली आणि वर पत्र्याच्या झडपा होत्या, पण त्या पुरत नव्हत्या; खालची झडप दुप्पट मोठी केली आणि हीटरचा कोपरा आडभिंत घालून ड्रायरपासून वेगळा केला. त्यानंतर धूर दोरा ओवावा तसा सरळ हूडमध्ये जाऊ लागला. ही चाचणी पंखे बंद ठेवून केली तर तिचा काही उपयोग नाही. आमच्याकडे ती आता दर महिन्याला होते आणि इस्त्रीवाल्यांनाही येते.

अनामत रक्कम मात्र अजून सोसायटीकडेच आहे. मधल्या काळात समिती बदलली, आणि पूर्वीच्या समितीने घेतलेली रक्कम परत करण्यापूर्वी मागच्या भिंतीची पाहणी व्हायला हवी, असे नव्या खजिनदारांचे मत आहे. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.