सान मार्को ते सान लोरेन्झो: विखुरलेल्या गायकवृंदाच्या मागावर

व्हेनिसच्या सान मार्को बॅसिलिकेत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. घुमटांवरचं सोनेरी मोझेइक नजर खाली येऊच देत नाही. पण सोळाव्या शतकातलं विभागलेलं गायन, म्हणजे वेगवेगळ्या जागी उभ्या गटांनी आळीपाळीने आणि एकत्र गायचं, इटालियनमध्ये कोरी स्पेत्साती, कुठे आणि कसं चालायचं हे बघायला आलेल्याने सरळ वेदीकडे जावं. पाला दोरोचं, म्हणजे वेदीमागच्या सोनेरी फलकाचं, वेगळं तिकीट घेतलं तर वेदीमागे जाता येतं. त्या वाटेवर दोन्ही बाजूंना ब्राँझच्या उठावचित्रांनी सजवलेल्या छोट्या गॅलऱ्या दिसतात. शिल्पकार याकोपो सान्सोव्हिनोने केलेल्या या गॅलऱ्यांना पेर्गोले म्हणतात. संगीतकार आद्रियान विलार्ट १५२७ साली इथे संगीतप्रमुख झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या वर, एकेका बाजूला एकेक, ऑर्गनचे सज्जे. पेर्गोले बघून पहिला विचार येतो तो आकाराचा. इथे मोठा गायकवृंद मावणं शक्य नाही, मोजकी माणसंच उभी राहू शकतात.

आता वेदीपुढच्या संगमरवरी जाळीकडे या. तिच्या उजव्या हाताला एक बहुकोनी उंच मंच आहे, बिगोन्झो. शब्दाचा अर्थ लाकडी टब. गायक बऱ्याचदा या टबात उभे राहून गात. १५६४ च्या इथल्या विधिग्रंथात दोन गटांच्या स्तोत्रांविषयी लिहिलंय की एका गटात चार गायक आणि दुसऱ्यात उरलेले सगळे. म्हणजे 'दोन प्रचंड कॉयर समोरासमोरच्या सज्ज्यांत' हे जे चित्र सगळीकडे रंगवलं जातं, ते विलार्टच्या स्तोत्रांना लागू पडत नाही. तिथे फरक मुख्यतः चार आवाज आणि भरलेला समूह यांच्यातला होता. अंतराचा खरा खेळ पुढे रंगला, संगीतकार आंद्रेआ गाब्रिएली आणि त्याचा पुतण्या जोव्हान्नी यांच्या काळात, कारण १५६८ पासून बॅसिलिकेने पगारी वादक ठेवले आणि कॉर्नेटो-ट्रॉम्बोन या फुंकवाद्यांचे गट गायकांइतकेच महत्त्वाचे झाले.

ऐकायचं असेल तर रविवारच्या सकाळच्या मोठ्या मिस्साला जावं. प्रार्थनेसाठी उत्तरेकडच्या दारातून विनातिकीट आत सोडतात. खांदे झाकलेले हवेत, मोठी बॅग आत नेता येत नाही. शक्य तितकं पुढे बसा. मागे बसलं तर सगळे आवाज एकाच ढगातून आल्यासारखे वाटतात आणि हे संगीत उगाच बदनाम होतं. डोज, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, वेदीच्या आवारात बसत असे. गायकांपासून काही पावलांवर. ही रचना त्या अंतरासाठी होती, शेवटच्या रांगेसाठी नव्हे.

घुमाऱ्यात दिशा कशी कळते? आपला कान सर्वांत आधी पोचलेल्या आवाजावरून दिशा ठरवतो, मागून येणारे परावर्तित आवाज तो त्यातच मिसळून टाकतो. म्हणून दिशा कळते ती सुराच्या आरंभात. हळूच उमलणारा 'आ' कुठून आला हे सांगता येत नाही. 'त', 'क', 'प' ने सुरू होणारं अक्षर लगेच सांगता येतं. जोव्हान्नी गाब्रिएलीच्या वाद्यरचनांत एक लांब आणि दोन आखूड स्वरांची सुरुवात पुन्हा पुन्हा येते. ती त्या काळच्या कान्झोना नावाच्या वाद्यरचनेची रूढ चालच होती, पण दगडी घुमटाखाली तिचा फायदा उघड आहे: प्रत्येक गट आपण कुठे उभे आहोत हे पहिल्या तीन स्वरांतच सांगून टाकतो.

दुसरी गोष्ट बास, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजांची. इथे भारतीय कानाला थोडं सावकाश जायला हवं, कारण आपल्याकडे खर्ज तानपुऱ्यात स्थिर असतो, तर या संगीतात सर्वांत खालचा स्वर हलतो आणि त्यावर वरच्या कॉर्डचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा, अर्थ बदलतो. झार्लिनो, जो पुढे याच बॅसिलिकेचा संगीतप्रमुख झाला, त्याने १५५८ साली लिहून ठेवलंय की सगळे गट एकत्र गातात तेव्हा त्यांचे बास एकाच स्वरावर किंवा सप्तकाच्या अंतरावर असावेत, क्वचित तिसऱ्यावर, पण पाचव्यावर कधीच नको. समजा एका गटाचा बास 'सा'वर आहे आणि दुसऱ्याचा वरच्या 'प'वर. मध्यभागी बसलेल्याला सगळं ठीक वाटेल. दुसऱ्या गटाजवळ बसलेल्याला मात्र 'प' हाच तळ ऐकू येईल, त्यावर 'सा' लटकल्यासारखा, आणि तिथली कॉर्ड डळमळेल. म्हणून प्रत्येक गट हार्मनीच्या, म्हणजे कॉर्डच्या रचनेच्या, दृष्टीने स्वयंपूर्ण असला पाहिजे. आजचे बरेच संगीतकार वेगवेगळ्या जागी उभ्या गटांसाठी रचना लिहिताना आठ आवाजांची एकच हार्मनी करतात आणि ती दोन गटांत वाटून टाकतात. ती कागदावर देखणी दिसते आणि सभागृहात कोसळते.

सान मार्कोपासून सान झाक्कारियाच्या चौकातून चालत दहा-बारा मिनिटांत सान लोरेन्झो येतं. दर्शनी भाग अर्धवट, उघड्या विटांचा. प्रदर्शनांच्या मोसमात आत जाता येतं. आता तिथे ओशन स्पेस नावाचं केंद्र आहे. आत मध्यभागी दोन्ही बाजूंनी पाहता येणारी वेदी चर्चचे दोन भाग करते, एक मठातल्या नन्सचा, एक लोकांचा. गाब्रिएलींच्या शहरात जन्मलेल्या, विसाव्या शतकातल्या लुईजी नोनो या संगीतकाराने २५ सप्टेंबर १९८४ ला 'प्रोमेतेओ' ही आपली रचना इथेच पहिल्यांदा सादर केली. वास्तुकार रेन्झो पियानोने त्यासाठी जहाजाच्या सांगाड्यासारखी लाकडी रचना उभारली. श्रोते तिच्या पोटात, गायक-वादक भोवतीच्या वेगवेगळ्या उंचीच्या सज्ज्यांवर. वाद्यवृंदाचे चार गट, दोन संचालक, आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या ध्वनी-प्रयोगशाळेची उपकरणं आवाज एका स्पीकरवरून दुसऱ्यावर फिरवत. नोनोच्या शताब्दीला, जानेवारी २०२४ मध्ये, ही रचना पुन्हा इथेच झाली.

रिकाम्या चर्चमध्ये उभं राहिलं की नोनोने काय उलटं केलं ते लक्षात येतं. गाब्रिएली स्पष्ट आरंभाने जागा दाखवतो. नोनो अतिशय हलक्या आवाजात, लांबवलेल्या स्वरांनी जागा पुसून टाकतो, आणि श्रोत्याला शोधायला लावतो. दोघांचं ज्ञान एकच आहे. मला नोनोची वाट जास्त धाडसी वाटते, पण तिच्यासाठी गायकांचं तंत्र फार पक्कं लागतं. इतक्या हलक्या आवाजात सूर उतरायला क्षणही लागत नाही.

ज्यूदेक्का बेटावर, पालांका थांब्याजवळ, सान्ती कोस्मा ए दामियानोच्या जुन्या मठात नोनोचा संग्रह आहे. जाण्याआधी लिहून वेळ ठरवावी.

आता हे आपल्या कॉयरला करून बघायचं असेल तर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरला ५० मिलिसेकंद. दुसरा गट इतका उशिरा ऐकू येतो, गायकांना वाटतं तो रेंगाळतोय, ते थांबतात, मग त्यांचा आवाज तिकडे आणखी उशिरा पोचतो. चार-पाच ओळींत लय ढेपाळते. उपाय एकच: ताल डोळ्यांनी घ्यायचा, कानांनी नाही. व्हियादाना या इटालियन संगीतकाराने १६१२ मध्ये चार गटांच्या स्तोत्रांसाठी हीच सोय सांगितली. संचालक पहिल्या गटात, तिथल्या पाच एकल गायकांसोबत. सगळ्यांनी एकदम गायचं तेव्हा तो सगळ्यांकडे तोंड करून दोन्ही हात वर करतो. भरीच्या, म्हणजे समूहाने गाणाऱ्या, गटात सोळापेक्षा कमी माणसं नकोत, वीस-तीस असतील तर उत्तम, असंही तो म्हणतो.

पहिल्या तालमीला गट पाच-सहा मीटरवरच ठेवा. प्रत्येक गटाला आपला स्वतंत्र आधारस्वर द्या, छोटा ऑर्गन किंवा हार्मोनियम चालेल, पण सगळ्या वाद्यांची पट्टी आधी एकमेकांशी मिळवा. एका गटाचा शेवटचा स्वर संपण्याआधी दुसऱ्याने उचलायचा, मध्ये पोकळी ठेवली तर दुसरा गट हमखास उतरलेल्या सुरात शिरतो. कॉर्ड बदलण्याचा वेग सभागृहाच्या घुमाऱ्यावरून ठरवा: एक टाळी वाजवा, ती विरायला तीन सेकंद लागत असतील तर एका सेकंदात दोन कॉर्ड बदलणारी जागा चिखल होणार. हे जमलं की गट दर तालमीला दोन-तीन मीटर मागे न्या, आणि एक जाणकार कान सतत खुर्च्यांमधून फिरता ठेवा, प्रत्येक गटाजवळ जाऊन बास तपासायला.