फॉरमॅट झालेली हार्डडिस्क: आधी हात आवरा

चुकून फॉरमॅट मारला? त्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहू नका. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त फायलींची नोंदवही नवी होते, जुना डेटा जागेवरच असतो. फुल फॉरमॅट मात्र व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये सगळीकडे शून्य लिहितो. तिथे आशा सोडा. एसएसडीवर (चिपवर साठवणारी डिस्क) ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा आपोआप साफ करणारी सोय, चालू असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही बहुधा तेच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून साटा-टू-यूएसबी डॉक आणा, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीने जोडायचा खोका. ३.५ इंची डिस्क असेल तर वेगळ्या विजेच्या अ‍ॅडॅप्टरवाला, कारण तिला १२ व्होल्ट लागतात. सोबत मूळ डिस्कहून मोठी रिकामी डिस्क हवी. डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच बंद करून डेटा रिकव्हरी लॅबमध्येच द्या.

लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी रिकाम्या डिस्कवर पूर्ण इमेज (डिस्कची हुबेहूब नक्कल) काढा, मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) ठेवून, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. १ टीबीला काही तास जातात, जाऊ द्या. मग इमेजवर टेस्टडिस्क हा पार्टिशन (डिस्कचा भाग) शोधणारा प्रोग्रॅम चालवा: जुनं पार्टिशन सापडलं तर नावं, फोल्डर सगळं परत मिळतं. नाहीच मिळालं तर फोटोरेक हा फायली शोधणारा प्रोग्रॅम. तो फायली मजकुराच्या खुणांवरून ओळखतो, त्यामुळे लग्नाचे फोटो येतात पण नावं जातात, आणि तुकड्यांत विखुरलेले मोठे व्हिडिओ अर्धवट निघतात. रिकव्हरी त्याच डिस्कवर सेव्ह करणारे महाभाग मात्र कमी नाहीत!