रंग धुतलेलं पाणी

जलरंगात चित्र काढणाऱ्या माणसाच्या सामानातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे पाण्याचं भांडं. ब्रशबद्दल आम्ही तासभर बोलू शकतो. कागद ३०० ग्रॅमचा घ्यावा की त्याहून जाड, कोल्ड प्रेस्ड की रफ, यावरून मैत्री तुटायची वेळ येते. भांड्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. जॅमची रिकामी बाटली, श्रीखंडाचा डबा, कान तुटलेला मग, काहीही चालतं. चित्र संपलं की पाणी बेसिनमध्ये आणि भांडं ओट्याखाली.

या भांड्याकडे नीट बघायची वेळ माझ्यावर आली ती आइल रॉयल बेटावर.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक सुपीरियर या सरोवराच्या वायव्य भागात हे बेट आहे. राज्य मिशिगन, पण जवळचा किनारा मिनेसोटाचा आणि कॅनडाचा. इथले मूळ रहिवासी, ओजिब्वे लोक, त्याला मिनाँग म्हणतात. सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि जेमतेम १४ किलोमीटर रुंद. १९४० सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. बेटावर मोटार नाही, कारण मोटारीचा रस्ताच नाही. १ नोव्हेंबरला बेट बंद होतं ते एप्रिलच्या मध्याला उघडतं, तोवर पर्यटकाला प्रवेश नाही. अमेरिकेतली बाकीची राष्ट्रीय उद्यानं गर्दीने बेजार असतात, इथे मात्र अख्ख्या मोसमात पंचवीस-तीस हजार माणसं आली तर आली. आमच्याबरोबरच्या काकू म्हणाल्या, "एवढी तर दादरच्या पुलावरून सकाळच्या एका तासात जातात." जात असतील. काकूंची सगळी मोजमापं मध्य रेल्वेची आहेत.

मिनेसोटात आमचा जलरंगवाल्यांचा एक छोटा गट आहे. निवृत्त शिक्षिका, एक नर्स, एक सुतार, काकू आणि मी. काकू मुलाकडे राहतात. डोंबिवलीहून रोज मुंबईला जाऊन त्यांनी बँकेत नोकरी केली. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड, मग जे. जे. ला जायचं राहिलं ते राहिलंच. साठी उलटल्यावर त्यांनी पुन्हा ब्रश धरला, तोही कॅमलच्या वड्यांपासून सुरुवात करून. आता त्यांच्या पॅलेटमध्ये भारी ट्यूबा आहेत, पण एका कप्प्यात कॅमलची पिवळी वडी अजून आहे आणि ती कुणी हलवायची नाही.

मिनेसोटाच्या किनाऱ्यावरच्या ग्रँड पोर्टेजहून बोट निघते, बेटाच्या पश्चिम टोकाला विंडिगोला थांबते आणि मग वळसा घालून पूर्वेच्या रॉक हार्बरला जाते. दिवसाचा बहुतेक भाग पाण्यावरच जातो. रॉक हार्बरला लॉज आहे आणि थोड्या अंतरावर लाकडी शेल्टर आहेत: तीन बाजूंना फळ्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला डासांची जाळी. काकूंमुळे मला लॉजमध्ये पलंग मिळाला. तरुण मंडळी शेल्टरमध्ये.

चित्रकारांना हे बेट नवं नाही. उद्यानाचा एक जुना कार्यक्रम आहे: निवडलेल्या कलावंताला स्कोव्हिल पॉइंटजवळच्या डॅसलर केबिनमध्ये काही आठवडे राहायला देतात. केबिनमध्ये वीज नाही, नळ नाही, पाणी सरोवरातून बादलीने आणायचं. भाडं म्हणून नंतर एक कलाकृती उद्यानाला द्यायची. मला हा व्यवहार फार आवडतो. आम्ही काही निवडलेले कलावंत नव्हतो, पदरचे पैसे भरून आलेले हौशी. तरी स्कोव्हिल पॉइंटच्या वाटेने जाताना आमच्यातला प्रत्येक जण त्या केबिनच्या दिशेला जरा रेंगाळून बघत होता, हे मी पाहिलं.

पहिल्या दिवशी खडकावर बसलो, सामान मांडलं, भांड्यात सरोवराचं पाणी घेतलं. चित्रं झाली. भांड्यातलं पाणी नेहमीसारखं करडं-तपकिरी झालं. सवयीने हात सरोवराकडे गेला, तेवढ्यात शिक्षिकाबाईंनी मागून हटकलं. पाण्यात काहीही ओतायचं नाही. रानात साधं भांडी घासलेलं पाणीसुद्धा काठापासून दोनशे फूट, म्हणजे साठेक मीटर, दूर नेऊन गाळून जमिनीवर शिंपडायचं असतं. आणि हे तर रंगाचं पाणी. त्यात कॅडमियम असतं, कोबाल्ट असतं. ते जमिनीवरही नको. बाटलीत भरायचं आणि परत न्यायचं.

समोर लेक सुपीरियर होतं. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं. सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर. पाणी बारा हजार घन किलोमीटर, पृथ्वीच्या पाठीवर जे गोडं पाणी तळ्या-नद्यांत आहे त्याचा साधारण दहावा भाग. आणि खडकावर मी एक जॅमची बाटली हातात धरून बसलेली, की या पावशेर पाण्याचं करायचं काय!

मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं. इतक्या पाण्यात माझ्या बाटलीने काय होणार? मग मला या सरोवराची एक गोष्ट आठवली. इथे आत आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९० वर्षं लागतात. नदीत काही टाकलं तर ते पुढच्या गावाचं होतं, आपण हात झटकून मोकळे. इथे माझं तपकिरी बर्न्ट सिएना जवळजवळ पेशवाई बुडाल्यापासून आजपर्यंतच्या काळाइतकं मुक्कामाला राहिलं असतं. मी बाटलीला झाकण लावलं.

त्या दिवसापासून आमचं सगळं चित्रकाम पाण्याच्या हिशेबावर आलं. घरी मी एका चित्राला तीनदा पाणी बदलते. इथे बदललेलं प्रत्येक पाणी पाठीवर वाहायचं. सुताराने लगेच वॉटर ब्रश काढला, ज्याच्या दांड्यातच पाणी भरलेलं असतं. दाबायचं, रंगवायचं आणि फडक्याला पुसायचं. त्याचं फडकं त्याच्या चित्रांपेक्षा चांगलं दिसायला लागलं, असं नर्सबाई म्हणाल्या. मी म्हटलं नाही. मी दोन भांडी ठेवायला लागले: पहिल्यात ब्रश झटकायचा, दुसऱ्यात खळाळायचा. पुस्तकात हे नेहमीच लिहिलेलं असतं, पण नळ हाताशी असला की पुस्तकाचं कोण ऐकतं.

रंगाइतकाच घोळ वाळण्याचा. जलरंगाचं सगळं गणित कागद कधी किती ओला आहे यावर चालतं. पूर्ण ओल्यावर रंग पसरतो, चमक जाऊन नुसता दमटपणा उरला की कडा मऊ येते, कोरड्यावर धारदार. अर्धवट वाळलेल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर, पाण्याचा थेंब पडला की तो आतल्या रंगाला ढकलत बाहेर नेतो आणि तिथे कुरतडलेल्या काठाचा डाग उमटतो. पुण्यात मे महिन्यात वॉश दोन मिनिटांत वाळून जातो, पुढचा विचार करायला वेळ नसतो. बेटावर सकाळी धुकं असलं की पंधरा मिनिटांनीही कागद चमकतच असतो. हवेतच इतकं पाणी की कागदातल्याने जावं कुठे? घरी आम्ही हेअर ड्रायर लावतो. तो घरीच होता.

कागद वाळलाय का हे पाहायची एक सोपी रीत आहे. हाताची मागची बाजू हलकेच टेकवायची. गार लागला तर अजून ओल आहे, कारण पाणी उडताना उष्णता ओढून घेतं. ही रीत या बेटावर चालत नाही. इथे जुलैतही सरोवरावरून येणारा वारा असा गार की कागद गार, पॅलेट गार, माझा हातही गार. शेवटी कागद तिरपा धरून उजेडात चमक बघणं एवढंच उरलं.

गंमत म्हणजे काही रंगांना हे संथ वाळणं मानवतं. निळ्या अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना चिकटून पुंजके करतात. कागद बराच वेळ ओला राहिला की ते सावकाश खाली बसतात, कागदाच्या खाचाखळग्यांत साचतात आणि रवाळ पोत येतो. त्यात थोडं बर्न्ट सिएना मिसळलं की आइल रॉयलचा काळपट बेसॉल्ट आपोआप तयार. थॅलो ब्लू मात्र कागदाला असा डसतो की निघत नाही. या निळ्याच्या रेणूच्या मधोमध तांबं असतं. १९३५च्या सुमारास तो बाजारात आला. आणि आम्ही बसलो होतो त्या बेटावरच्या खडकांतून मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी दगडी हातोड्यांनी शुद्ध तांबं काढलं होतं. तांब्याच्या बेटावर पाणी रंगवायला आम्ही तांबं ट्यूबमधून घेऊन आलो होतो.

सुताराला इथलाच तांबडा दगड कुटून रंग करायचा होता. तेही नाही. उद्यानातला खडा उचलून न्यायची परवानगी नाही. इथे काठावर ग्रीनस्टोन सापडतो, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेला हिरवा खडा, मिशिगनचं राज्यरत्न. तोसुद्धा हातात घ्यायचा, बघायचा आणि होता तिथे ठेवायचा. म्हणजे इथलं काही न्यायचं नाही आणि आपलं काही ठेवायचं नाही. काकूंचं मत पडलं की पाहुण्यांना हे नियम डोंबिवलीतही लागू करावेत.

मूसबद्दल, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाबद्दल, सगळे विचारतात म्हणून सांगते: दिसला. गुडघाभर पाण्यात उभा राहून पाणवनस्पती खात होता. १९५८पासून शास्त्रज्ञ इथल्या लांडग्यांचा आणि मूसचा एकत्र अभ्यास करताहेत. एका शिकारी-भक्ष्य जोडीचा इतका दीर्घ अभ्यास जगात दुसरा नाही म्हणतात. लांडगा कुणाला दिसला नाही. मूसचं माझं स्केच म्हशीवर गेलं.

मग विषय धुक्याचा, आणि तो काकूंचा. एका सकाळी काहीच दिसेना. समोरचं बेट गेलं, पाणी गेलं, झाडांचे नुसते शेंडे उरले. आम्ही शेल्टरमध्ये जाळीमागे बसून धुक्याचा राखाडी जुळवत होतो. कोबाल्ट आणि लाइट रेड, नको फार जांभळं होतंय, अल्ट्रामरीन आणि सिएना, नको जड वाटतंय. काकूंनी पॅलेटला हातच लावला नाही. आदल्या दिवसापासूनचं पाणी त्यांनी बदललं नव्हतं. त्यांनी मोठा मॉप ब्रश त्या भांड्यात बुडवला, ढवळला आणि अख्खा कागद त्याच पाण्याने भरून टाकला. मग पाच मिनिटं थांबून ओल्यावरच तीन शेंडे सोडले. धुकं आलं. आमच्यापैकी कुणालाही तो राखाडी मिळाला नव्हता.

"काकू, कसला रंग तो?"

"अगं, सगळेच. काल जे जे वापरलं ते सगळं यात आहे. वेगळं मिसळायचं कशाला?"

शिक्षिकाबाईंनी भाषांतर मागितलं, मी केलं, आणि पुढचा अर्धा तास सगळा गट आपापल्या गढूळ भांड्यांतून धुकं काढत होता. प्रत्येकाचं वेगळं. सुताराचं हिरवट, कारण त्याने दोन दिवस स्प्रूसची झाडंच रंगवली होती. माझं किंचित गुलाबी, आदल्या संध्याकाळचं आकाश त्यात होतं.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहायचे आणि त्याच परिसराची निसर्गचित्रं पुन्हा पुन्हा करायचे. त्यांच्याइतकी नजर असलेला माणूस एवढ्याशा तळ्यावर आयुष्य काढू शकतो, तर आम्ही इतक्या लांब येऊन नवीन दृश्यांमागे का धावतोय, असं काकूंनी जेवताना विचारलं. मग त्यांनीच उत्तर दिलं: "सुनेने तिकीट काढलं म्हणून." त्यानंतर त्यांनी उरलेले सगळे दिवस एकाच खडकावर बसून, एकाच दिशेला तोंड करून काढले. पाणी शेवटपर्यंत बदललं नाही.

परतीच्या बोटीवर माझ्या पाठपिशवीच्या जाळीत दोन बाटल्या होत्या, दोन्ही काठोकाठ, एक तपकिरी आणि एक हिरवट काळी. शेजारी एक दाढीवाला, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलेला गिर्यारोहक बसला होता. तो बराच वेळ त्या बाटल्यांकडे बघत होता. आइल रॉयलच्या पाण्यात फितकृमीची अंडी असतात, लांडग्यांकडून आलेली, त्यामुळे रॉक हार्बर आणि विंडिगोचे नळ सोडले की पाणी उकळून किंवा बारीक फिल्टरमधून गाळूनच प्यायचं, हे प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगतात. शेवटी त्याला राहवेना.

"माफ करा," तो अगदी अदबीने म्हणाला, "पण तुम्ही हे कुठल्या तळ्यातून भरलंत? नुसतं उकळून भागणार नाही."