पिकअपला नवी टाकी बसवताना: डिझेल कमी, हवाच जास्त

मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग आणि लिंक (ॲक्सलला जागेवर धरणारे दांडे) बसवल्यावर माझ्या पिकअपमध्ये मूळ टाकीला जागाच उरली नाही. चॅसीच्या कडेला जिथे ती लांबुडकी प्लास्टिकची टाकी होती, तिथून आता लिंकचा दांडा जातो. मोकळी जागा एकच: मागच्या ॲक्सलच्या पलीकडे, स्टेपनीची. स्टेपनी हौद्यात चढवली आणि तिच्या जागी टाकी करून घ्यायचं ठरवलं.

आधी पुठ्ठ्याची टाकी केली. ८० सेंमी लांब, ४५ रुंद, २८ उंच. गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर मिळतात, म्हणजे साधारण १०० लिटर. ती चॅसीत अडकवली, दोन्ही स्प्रिंग काढल्या आणि जॅकने ॲक्सल बंप स्टॉपला, म्हणजे त्याची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत वर घेतला. गाडी नुसती उभी असताना सगळीकडे ऐसपैस जागा दिसते. खरी जागा कळते ती अशी. शॉकॲब्सॉर्बरच्या ब्रॅकेटने पुठ्ठ्याच्या पुढच्या कोपऱ्यात चांगला अंगठ्याएवढा पोचा पाडला. तो कोपरा तिरका कापला. काही लिटर गेले, जाऊ देत. सायलेन्सरचा पाइपही त्याच बाजूने येत होता, तो वळवून घेतला आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा ठेवला.

टाकीचा पत्रा ५०५२ या प्रतीच्या ॲल्युमिनियमचा, ३ मिमी. गॅल्व्हनाइज्ड पत्रा सहज मिळतो, पण डिझेलला तो चालत नाही: जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि पुढे इंजेक्टरवर साचतं. आत दोन बॅफल, म्हणजे आडवे पत्रे, लागतातच. सत्तर-ऐंशी किलो डिझेल प्रत्येक ब्रेकला एकदम पुढच्या भिंतीवर आदळलं तर वेल्डिंग किती दिवस टिकणार? वेल्डरने बॅफल अगदी मापात, कडेला कड लावून कापले होते. वेल्डिंगचे टाके (टॅक) मारायच्या आधी मी म्हटलं, "दादा, वरचे कोपरे कापा." तो म्हणाला, "खालचे कापलेत की, डिझेल जाईल." डिझेल जाईल, पण हवा कुठून जाणार? वरचे कोपरे बंद असले की भरताना प्रत्येक कप्प्यात छताखाली हवा कोंडून बसते आणि टाकी अर्धवट भरते. त्याला लगेच पटलं. आणि या कामाची गोम मला तिथे नीट कळली. डिझेल आपोआप खालीच जातं, वाट करून द्यावी लागते ती हवेला.

भरणीच्या नळीचंही तेच. पंपाच्या नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असतं, त्यातून भरताना हवा ओढली जात असते. ते छिद्र बुडालं की आतल्या पडद्यावर ओढ बसते आणि नोझल खटकन बंद होतं. टाकीतली हवा बाहेर पडायला अडली तर डिझेल फेसाळून वर येतं, छिद्र झाकतं, आणि टाकी रिकामी असूनही नोझल बंद. म्हणून भरणीच्या जाड नळीशेजारून हवेची वेगळी नळी टाकीच्या छतापासून भरणीच्या तोंडापर्यंत नेली. तिला मध्ये कुठेही झोळ पडता कामा नये. झोळात कपभर डिझेल साचलं तरी हवेचा रस्ता बंद! मी ती क्लिप मारून सरळ चढती ठेवली.

तिसरी वाट बारीक ब्रीदरची. इंजिन डिझेल ओढतं तेवढी हवा आत यायलाच हवी, नाहीतर आत निर्वात होऊन इंजिनाचा पंप उपाशी राहतो. ब्रीदरला रोलओव्हर व्हॉल्व्ह लावला, गाडी उलटली तर तो बंद होतो. छताजवळ पाचेक टक्के जागा मुद्दाम रिकामी राहील असं भरणीचं तोंड ठेवलं, कारण तापल्यावर डिझेल फुगतं.

गळतीची चाचणी मात्र जपून करावी. कॉम्प्रेसरची नळी थेट लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. हिशेब करून बघा: नुसता ०.२ बार दाब दिला तरी ८० बाय ४५ च्या तळावर सातशे किलोच्या वर जोर येतो. सपाट पत्रा फुगतोच. मी रेग्युलेटर लावून ०.२ वर थांबलो आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. सेंडरच्या (टाकीतली डिझेलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) गोल झाकणाखाली एका ठिकाणी बारीक बुडबुडे आले, नाइट्राइल रबराचं गॅस्केट बदलल्यावर थांबले. हे सगळं टाकी कोरी असतानाच उरकावं. एकदा इंधन भरलेल्या टाकीला, ती कितीही धुतली असली तरी, घरच्या घरी वेल्डिंग करू नये.

बसवताना टाकी चॅसीला थेट आवळली नाही. खड्ड्यात शिडीसारखी चॅसी पिळवटते आणि तो पीळ टाकीच्या सांध्यांना फाडतो. म्हणून तीन ठिकाणी रबरी बुश, आणि पट्ट्यांखाली नाइट्राइल रबर. नमदा नको, तो पाणी धरून ठेवतो.

सक्शनची नळी बसवताना सर्वात जास्त वेळ गेला, आणि तो घालवण्याजोगा होता. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पंप पुढे असतो, तो टाकीतून डिझेल ओढतो. त्या नळीतला सांधा ढिला असला तर खाली थेंबही पडत नाही. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं. म्हणून नळीचा थोडा भाग पारदर्शक ठेवला आणि इंजिन चालू करून बुडबुडे येतात का ते बघितलं. खात्री झाल्यावरच पक्की नळी जोडली. इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत आणणारी नळी सक्शनपासून लांब, तळाजवळ सोडली, म्हणजे परतीचा फेस पुन्हा ओढला जात नाही. सक्शनच्या नळीचं तोंड ज्यात बुडतं तो तळातला खड्डा मागच्या बाजूला घेतला, कारण चढावर डिझेल मागे सरकतं. उतारावर ते पुढे जातं, पण तेव्हा इंजिनाला लागतंच किती!

डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा शेवटी जुळवला. सेंडर घेताना मीटरला किती ओहम (विद्युतरोध) लागतो ते बघून घ्यावं. काही सेंडर रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्याला ३३ दाखवतात, काही १० ते १८० असे उलटे चढतात. मल्टिमीटर लावून सेंडरचा तरंगता गोळा (फ्लोट) हाताने वर-खाली केला की लगेच कळतं. मग दहा-दहा लिटर ओतत डॅशबोर्डवर काटा कुठे येतो ते चिकटपट्टीवर लिहून ठेवलं. माझा काटा अर्ध्यावर आला की टाकीत पंचेचाळीस लिटर असतात.