सारा, एच लावून की न लावता?

जर्मनीत जन्माची नोंदवही ११० वर्षांनी सगळ्यांना खुली होते. नोंदणी कार्यालयातून ती अभिलेखागारात जाते आणि कुणीही मागून बघू शकतं. अशीच एक वही मध्यंतरी आमच्या गावच्या प्रदर्शनात काचेखाली उघडी ठेवली होती. १९०० च्या सुमाराचं पान, टाकाने लिहिलेलं वळणदार अक्षर. बाप व्यापारी, धर्म ज्यू, मुलीचं नाव मार्टा. आणि समासात दुसऱ्याच कुणाच्या हाताने, १९३९ च्या तारखेची नोंद: हिने 'सारा' हे आणखी एक नाव धारण केले आहे. शेजारच्या पानावरही तेच. फक्त मूळ नाव वेगळं.

माझ्या मुलीचं नाव सारा आहे, हे जुन्या वाचकांना माहीत आहेच.

झालं होतं ते असं. १७ ऑगस्ट १९३८ ला नाझी सरकारने फतवा काढला की ज्या ज्यू लोकांची नावं सरकारने ठरवलेल्या 'ज्यू नावां'च्या यादीत बसत नाहीत, त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून जादा नाव लावायचं. पुरुषांनी 'इस्राएल', बायकांनी 'सारा'. यादीतली बरीच नावं अशी की जर्मन कानाला चमत्कारिकच वाटावीत. मार्टा, एल्झा, ग्रेटा अशी नावं ठेवणाऱ्या, पिढ्यानपिढ्या जर्मन म्हणून जगलेल्या घरातल्या बायका त्यात बसणार कशा? त्यांनी स्वतः जाऊन महिन्याभरात नोंदणी कार्यालयाला आणि पोलिसांना लेखी कळवायचं, आणि यापुढे प्रत्येक व्यवहारात 'सारा' लावायचं. ऑक्टोबरात त्यांच्या पासपोर्टावर ज्यू म्हणून लाल 'जे' आलाच होता. वेचून काढायची सोय पक्की झाली.

मला त्या समासाने जास्त हलवलं. कारण त्याखाली तिसरी नोंद होती, युद्धानंतरची: वरील शेरा रद्द. फाडलं नाही, खाडाखोड केली नाही, पान नव्याने उतरवून काढलं नाही. बाईचं नाव, तिच्यावर लादलेलं नाव, आणि लादणं रद्द झाल्याची कबुली, तिन्ही एकाच पानावर. मी इथल्या कागदबाजीवर इतक्या वेळा इथेच दात-ओठ खाल्ले आहेत की हे लिहिताना जड जातंय, पण ही गोष्ट मला मान खाली घालायला लावणारी वाटली. आपल्याकडे असं दप्तर वाळवीने खाल्लं असतं किंवा कुणीतरी 'नको तो विषय' म्हणून गायब केलं असतं. (हो, माहितेय, आपल्याकडे असला फतवाही निघाला नव्हता. तेही खरंच.)

नाव मुळात किती रुबाबदार! हिब्रूत 'सार' म्हणजे सरदार, अधिपती. त्याचं स्त्रीरूप सारा, म्हणजे सरदारीण किंवा राजकन्या. बायबलमध्ये ती आधी साराय असते. देव तिच्या नवऱ्याला, अब्राहामाला, सांगतो की आता हिला सारा म्हण. नव्वदाव्या वर्षी मूल होणार हे ऐकून ती तंबूत चक्क हसते, आणि झालेल्या मुलाचं नाव पडतं इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. ती एकशे सत्तावीस वर्षं जगली असं तिथे लिहिलंय, आणि हेब्रोनजवळच्या गुहेत तिला पुरलं. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिघेही तिला मान देतात. हे नाव हिणवायला वापरायचं म्हणजे अक्कल किती खालच्या दर्जाची लागते बघा.

आणि तरी ते परत आलं. युद्धानंतर बराच काळ मागे होतं. मग सत्तरीनंतर वर चढत गेलं, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत जर्मनीतल्या सर्वांत लोकप्रिय मुलींच्या नावांत जाऊन बसलं. माझ्या वयाच्या साराह इथे ढिगाने. ऑफिसात 'कुठली साराह?' असं विचारावं लागतं. आता त्यांच्या लेकी एमिलिया, एमा आणि हन्ना आहेत. हन्नासुद्धा हिब्रूच. आईबापांनी इतिहासाचं प्रायश्चित्त म्हणून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. कानाला गोड, छोटं, इंग्रजी-फ्रेंचमध्येही चालतं, एवढंच असावं. ते बरंच झालं.

आमचं कारणही तेच, उगाच मोठेपणा कशाला. दोन्हीकडे चालेल असं नाव हवं होतं. पण 'दोन्हीकडे' हा गैरसमजच. जर्मनमध्ये सुरुवातीचा स हा झ होतो, त्यामुळे पाळणाघरात ती 'झारा'. आईने व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि म्हणाली, "अगं, बुंदी पाडायची आहे का तिने?" सासरी वेगळीच कुजबुज: नाव 'आपल्यातलं' वाटत नाही. का वाटत नाही? माझं माहेर अलिबागचं. तिथे इस्राएल आळी आहे, ज्यूंचं प्रार्थनाघर, सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनिवार तेली, अब्राहमचं आबाजी आणि सॅम्युएलचं सामाजी करून, पेणकर-रोहेकर आडनावं लावून, मराठी बोलत कित्येक शतकं आपल्यात राहिले. पुढे बहुतेक जण इस्राएलला गेले म्हणून नावं परकी होतात का? आणि ज्या घरात लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव लिहितात, त्यांनी मला नावाच्या आपलेपणावर शिकवू नये. मी माझं बदलू दिलं नव्हतं, तेव्हापासूनचा राग आहे हा. असो.

आता नणंदबाईंचा नवा आग्रह: शेवटी एच लावा, अंकशास्त्रात बसतं. नोंदणीच्या वेळी त्या कार्यालयातल्या बाईंनीही विचारलं होतं, एच लावून की न लावता? तेव्हा एका अक्षराचा प्रश्न होता. आता बदलायचं तर अर्ज, फी, आणि कायद्याप्रमाणे 'सबळ कारण' दाखवायचं. तो कायदा काढून वाचला. ५ जानेवारी १९३८ चा. जुन्या राजवटीचे शब्द त्यातून काढलेत, दुरुस्त्या झाल्यात, पण कायदा तोच, अजून लागू. 'सारा' लादणारा फतवा ह्याच कायद्याखाली निघाला होता.

नणंदबाईंना कळवलंय की एच लागणार नाही. कारण विचारलं तर म्हणाले, फी फार आहे.